तुमचा वेळ संपत आला आहे

ग्रिम्सबीतल्या आमच्या वाचनालयात सहा कॉम्प्युटर.
चौथ्याचा स्पेसबार अडकतो,
म्हणून टास्करबाई पाचव्यावर बसतात,
कोट न काढता,
पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर,
बसची वाट बघत असल्यासारख्या.

"आता काय करू?"
"माउस थोडा वर घ्या."
त्या माउस हवेत उचलतात.

मी हसत नाही.
माझ्या आईनं देवगडहून पहिला व्हिडिओ कॉल केला
तेव्हा फोन कानाला लावला होता
आणि मी अर्धा तास
तिच्या कुडीशी बोलत होते.

कौन्सिलनं गावाला विचारलंय : हे वाचनालय हवं का?
उत्तर फक्त ऑनलाइन. एकवीस प्रश्न.
आधी ईमेल. मग पासवर्ड, त्यात एक आकडा
आणि एक असं चिन्ह
जे बाईंनी जन्मात कधी लिहिलेलं नाही.
मग मोबाइलवर कोड येईल.
त्यांचा फोन घरी आहे, भिंतीला.
कोड माझ्या मोबाइलवर मागवला.
हे नियमात बसत नाही.

चौदाव्या प्रश्नाला पडद्यावर पाटी आली :
तुमचा वेळ संपत आला आहे.
बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या.
माझ्याकडे वळून म्हणाल्या,
"ह्याला कुणी सांगितलं?"

कॉम्प्युटरचा तास मी वाढवून देऊ शकते.
फॉर्मचं घड्याळ कुठे टांगलंय
मला माहीत नाही.

गावाचं मत तसं मार्चमध्येच ठरलं,
सदतीस सेकंदांत.
रेडिएटरजवळच्या खुर्चीत रिमास,
मान मागे, तोंड उघडं, पायात पांढरे गमबूट,
आणि खाली ठळक अक्षरं :
आपल्या कराच्या पैशांवर कोण घोरतंय बघा.
नव्वद हजारांनी बघितलं.
गावात तेवढी माणसं तरी आहेत का?

अडतिसाव्या सेकंदाला तो जागा झाला.
रात्रभर मासे कापून आलेला,
मुलीच्या शाळेचा फॉर्म छापायला थांबलेला.
दोन पानांचे चाळीस पेन्स
त्यानं माझ्या टेबलावर एकावर एक रचले.
नाण्यांना मासळीचा वास.
तो वास मला परका नाही,
पण मी त्याला तसं म्हटलं नाही.
नंतर तो आलाच नाही.

जे सगळ्यात जोरात बोलले
त्यांची नावं मी सभासदांच्या यादीत शोधली.
(हेही नियमात बसत नाही.)
एकच सापडलं : अठ्ठ्याण्णव साली नेलेलं
गुलाबांच्या छाटणीचं पुस्तक,
अजून परत नाही.

आणि सांगून टाकते,
तो व्हिडिओ मीही तीनदा पाहिला.
एकदा रागानं, एकदा बहिणीला दाखवायला,
एकदा रात्री, उगाच.
नव्वद हजारांत माझे तीन आहेत.
फोनला वाटलं, हिला आवडलं.
तेव्हापासून तो मला रोज
कुणीतरी झोपलेलं दाखवतो :
बाकांवर, बसथांब्यावर, कुठल्यातरी दवाखान्यात.

कौन्सिलच्या कागदावर उद्या येईल :
गावाला विचारलं, गाव असं असं म्हणालं.
गाव म्हणजे ज्याच्या घरी वायफाय आहे तो,
असं कुठे लिहीत नाहीत.

गुरुवारी टास्करबाई परत आल्या.
जुनी उत्तरं पुसली गेली होती.
प्रश्न पहिला :
तुम्ही वाचनालयात किती वेळा येता?
त्यांनी पडद्याकडे पाहिलं,
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.
पर्स जमिनीवर ठेवली.

आणि कोट काढला.